यंत्राची तक्रार



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगारवाढीवर बोलणार किंवा सरकारवर घसरणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि बहुधा ती खरी ठरते. म्हणून चालकांनी मला विषय विचारला आणि मी ‘संगणकाच्या प्रोग्राममधील इशारे’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी ते माझ्या तोंडून दोनदा वदवून घेतले. त्यांना दोष देता येत नाही. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे थोडे लेथवर झाले आणि थोडे, रात्रपाळी नसेल त्या दिवशी, वाचनालयात झाले. प्रोग्राम मी आजवर एकही लिहिलेला नाही. पण ज्या गोष्टीने माझ्या सभासदांच्या पगारातून तास कापले ती गोष्ट समजून घेणे हे माझे कामच होय. आणि ती समजून घेताना असे दिसून आले की तिचा संबंध या मांडवात बसलेल्या पुष्कळ घरांशी आहे.

आपल्या तीन गावांकडे पाहा. अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना होता, रसायनांचे कारखाने आले, ऑर्डनन्स फॅक्टरी आली. उल्हासनगर तर १९४९ साली लष्करी छावणीच्या बराकींतून निर्वासितांनी उभे केले, आणि तिथे घरोघर शिवणयंत्र फिरू लागले. बदलापूरला औद्योगिक वसाहत झाली. या कारखान्यांत ज्यांनी पाळ्या केल्या त्यांची मुले-मुली आज सकाळची लोकल धरून ठाण्याला उतरतात आणि गाडी बदलून ऐरोली, महापे असे कुठे कुठे जातात. बापाच्या कारखान्याचा भोंगा साऱ्या गावाला ऐकू येत असे. मुलाच्या कारखान्याला आवाजच नाही. तिथे काय बनते, कसे बनते, कुठे बिघडते, हे बापाला कळत नाही, आणि सांगायला मुलाला सवड नसते. तेव्हा आधी ते थोडे सांगतो.

प्रोग्राम लिहिणारा जी भाषा लिहितो ती इंग्रजी आणि गणित यांची खिचडी असते. यंत्राला ती कळत नाही. यंत्राला फक्त शून्य आणि एक कळतात. म्हणून मध्ये एक भाषांतरकार लागतो. त्याला कंपायलर म्हणतात, आणि तो स्वतःही एक प्रोग्रामच असतो. अमेरिकेच्या नौदलातल्या ग्रेस हॉपर या बाईंनी १९५२ साली अशा भाषांतरकाराची पहिली पायरी घातली. आता हा भाषांतरकार नुसता शब्दाला शब्द ठेवीत नाही. कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तुम्ही काहीतरी अर्धवट सांगितले तर तो लेखणी खाली ठेवतो आणि म्हणतो, असा अर्ज होत नाही. ही झाली चूक, भाषांतर थांबले. पण पुष्कळदा तुम्ही सांगता ते लिहिता येण्यासारखे असते आणि तरीही त्याला ते खटकते. “अहो, मुलाची जन्मतारीख वडिलांच्या आधीची सांगता आहात, असे कसे?” हा झाला इशारा. चांगला अर्जनवीस तो न विचारता देतो. कंपायलरला तेवढीच अक्कल असते. किंबहुना जास्तच असते, कारण तो हजारो पाने एका दमात वाचतो आणि पहिल्या पानावर ठेवलेली किंमत नऊशेव्या पानावर कोणत्या अवस्थेत पोचली हे ध्यानात ठेवतो. या विद्येचे एक शास्त्रच आहे. पवईच्या आय. आय. टी.त प्राध्यापक उदय खेडकर यांनी याच विषयात आयुष्य घातले आणि ‘जीसीसी’ नावाच्या कंपायलरच्या अभ्यासाचे एक केंद्र तिथे चालवले. म्हणजे ही विद्या सातासमुद्रापलीकडची नाही. आपल्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे.

फरक एवढाच की, अर्जनवीस न विचारता बोलतो आणि कंपायलर बहुतेक इशारे विचारल्याशिवाय देत नाही. प्रोग्राम भाषांतराला देताना सोबत एक जादा शब्द, म्हणजे एक कळ, लिहावी लागते. ती लिहिली तर तो बोलतो. न लिहिली तर तो मुकाट्याने भाषांतर करून देतो आणि मनात काय आले ते मनातच ठेवतो.

आता तासांची हकीकत. काही वर्षांपूर्वी आमच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात बोटाचा ठसा घेणारे हजेरीचे यंत्र बसले. नाव घेत नाही. त्या तक्रारीचा निकाल लागून गेला आहे. यंत्र आल्यावर चार-पाच महिन्यांनी लोक कुरकुर करू लागले की जादा कामाचे पैसे कमी येतात. व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले होते : पूर्वी टाइमकीपर चुकत असे, यंत्र चुकत नाही. आमच्यातल्या दोघातिघांना खिशात डायरी ठेवण्याची सवय होती. त्या डायऱ्या आणि पगाराच्या स्लिपा मी शेजारी शेजारी ठेवल्या. दीड तास थांबला त्याला एक तास मिळाला. पावणेतीन तास थांबला त्याला दोन तास मिळाले. बरोबर तीन तास थांबला त्याला तीन मिळाले. तेव्हा ध्यानात आले की, यंत्र पूर्ण तास मोजते आणि वरची मिनिटे सांडून देते. महिन्यात बारा दिवस कोणी पावणेतीन तास थांबला तर त्याची नऊ तासांची मेहनत कुठे नोंदच होत नव्हती, आणि जादा कामाचा दर दुप्पट असल्यामुळे हे अठरा तासांच्या मजुरीचे नुकसान झाले. मुद्दाम कोणी चोरी केली असती तर ती इतकी नीटस झाली नसती.

यंत्राचा प्रोग्राम एका दोन-तीन माणसांच्या छोट्या दुकानाने लिहून दिलेला होता. बोलणी लांबली, तेव्हा त्या गृहस्थांना प्रोग्रामासह बोलावण्यात आले. आमच्या एका सभासदाची मुलगी संगणकाची इंजिनिअर आहे. तिला मी आमच्या बाजूने बसविले. तिने तोच प्रोग्राम आपल्या लॅपटॉपवर पुन्हा कंपायलरकडे दिला, फक्त या वेळी एक कळ जास्त लिहून. पडद्यावरून ओळी धावू लागल्या. तीनशेच्या वर इशारे निघाले. त्यांतला एक तिने बोटाने दाखविला. त्याचा अर्थ असा की, अमुक ओळीत दशांशातली संख्या पूर्णांकाच्या खणात टाकली जात आहे, तिची किंमत बदलण्याचा संभव आहे. पावणेतीन म्हणजे २.७५. पूर्णांकाच्या खणात फक्त २ मावतात. पुढचे .७५ कापले जातात. आणि ते निकटच्या आकड्यालाही नेले जात नाहीत, सरळ टाकून दिले जातात. सी नावाच्या भाषेचा तो नियमच आहे.

मुलगी म्हणाली, “काका, हे बघा. याला सगळं दिसत होतं.”

मी म्हटले, “मग बोललं का नाही?”

“याला कुणी विचारलंच नव्हतं.”

दुकानाचे गृहस्थ प्रामाणिक होते. ते म्हणाले, हे तीनशे इशारे नेहमीचेच असतात; कळ लावली की असा कचरा येतोच, म्हणून आम्ही ती लावीत नाही.

या दोन वाक्यांवर मी तेव्हापासून विचार करीत आहे. यंत्राला विचारले नव्हते, आणि विचारले की कचरा येतो.

पहिल्या वाक्याचे आधी पाहू. कोणी काहीच सांगितले नाही तर यंत्र ज्या स्थितीत राहते तिला ही मुले ‘डिफॉल्ट’ म्हणतात. मी तिला मूळची स्थिती म्हणतो. सारे भांडण या मूळच्या स्थितीचे आहे. आपण रोज ज्या मार्गाने जातो त्या रेल्वेचे उदाहरण घ्या. जुना हाताचा सिग्नल ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की, त्याची तार तुटली तर हात वजनाने आपोआप ‘थांबा’ या जागी जाई. गाडी जाऊ देण्यासाठी कोणीतरी तार ओढावी लागे. थांबविण्यासाठी कोणाला काही करावे लागत नसे. मुंबईच्या लोकलमध्ये इशारा देणारी यंत्रणा आहे. धोक्याच्या सिग्नलाजवळ गाडी आली की मोटरमनच्या कानाशी आवाज होतो, आणि त्याने ठराविक वेळात कबुली दिली नाही तर ब्रेक आपोआप लागतात. हा आवाज ऐकावयाचा की नाही हे मोटरमनच्या मर्जीवर सोडलेले नाही. मोटरमन बेजबाबदार असतो म्हणून तसे केलेले नाही. तो माणूस आहे, दमतो, आणि त्याच्यामागे दोन-तीन हजार माणसे असतात, म्हणून तसे केले आहे.

प्रोग्राम लिहिणाराही माणूसच आहे. इशाऱ्याची कळ त्याच्या मर्जीवर सोडली तर ती केव्हा लागेल? सवड असेल तेव्हा. आणि इशाऱ्याची गरज केव्हा असते? सवड नसते तेव्हा. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती अजून सांगावी लागते याचेच नवल वाटते.

मग हे कंपायलर करणारे शहाणे लोक सगळे इशारे मूळचेच चालू का ठेवीत नाहीत? याला इतिहास आहे. सी ही भाषा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविली. भाषांतर भराभर व्हावे हा त्या काळच्या कंपायलरचा धर्म होता. बारीक तपासणीचे काम तिथल्याच स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली एका निराळ्या प्रोग्रामाकडे दिले. त्याचे नाव ‘लिंट’. कापडावरून झडणारा जो पिंजलेला तंतू असतो, तो लिंट. गिरणीच्या साच्यावर काम केलेले कोणी इथे असतील, किंवा उल्हासनगरात जीन्सच्या कामावर असलेले, त्यांना तो नाकातोंडात गेलेला ठाऊक आहे. नाव फार चपखल दिले. पण साफसफाई निराळ्या खात्याकडे दिली की काय होते हे कारखान्यात काम केलेल्यांना सांगावयास नको. निराळे चालवावयाचे काम घाईच्या दिवशी राहून जाते. पुढे १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी कंपायलर आला आणि इशारे हळूहळू कंपायलरच्या पोटातच येऊ लागले. तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. लाखो ओळींचे जुने प्रोग्राम चालू होते. नवा इशारा मूळचाच चालू ठेवला की ते सगळे एकदम ओरडू लागणार. म्हणून बहुतेक नव्या इशाऱ्यांना कळ दिली आणि ती बंद ठेवली. म्हणजे जुन्या घाणीची सोय म्हणून नव्या कामालाही अंधारात बसविले.

यात एक गंमत आहे. जीसीसीला एक कळ आहे, तिच्या नावाचा अर्थ ‘सर्व इशारे’. उच्चार ‘वॉल’ असा होतो, म्हणजे भिंत. नवशिका ती लावतो आणि निश्चिंत होतो. वस्तुतः त्या ‘सर्व’मध्ये सर्व नाहीत. तिच्याखेरीज ‘जादा’ नावाची दुसरी कळ आहे, आणि आमचे तास कापणारा जो इशारा होता तो या ‘सर्व’मध्येही नाही आणि ‘जादा’मध्येही नाही, त्याची कळ तिसरीच. करारनाम्यात ‘सर्व कामगार’ असा शब्द येतो आणि मागच्या पानावर बदली कामगार, कंत्राटी कामगार, उमेदवार असे एकेक वगळलेले असतात, तशातला हा प्रकार. ज्यांनी तीस वर्षे करारनामे वाचले आहेत त्यांना या भिंतीतली खिंडारे लवकर दिसतात.

हे काही हजेरीच्या यंत्रापुरते नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीला आपल्या फोन आणि संगणकांसाठी तातडीने दुरुस्ती पाठवावी लागली. आपण बँकेच्या संकेतस्थळावर जातो तेव्हा समोरची बँक खरोखर तीच आहे ना, हे फोन सही तपासून ठरवितो. त्या तपासणीच्या प्रोग्रामात ‘इथून बाहेर पड’ अशा अर्थाची एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. पहिली ओळ अटीखाली होती, दुसरी बिनअटीची झाली. त्यामुळे सहीची तपासणी होण्याआधीच प्रोग्राम बाहेर पडे, आणि बाहेर पडताना ‘सर्व ठीक’ असे सांगे. खोट्या सहीला दार उघडे. या ओळीच्या पुढचा भाग कधी चालणारच नाही, असे सांगणारा इशारा त्यांच्या कंपायलरमध्ये होता. कळ ‘सर्व’मध्ये नव्हती. दुसऱ्या बाजूला जीसीसीच्या लोकांनी २०१६ साली असाच एक इशारा नव्याने घातला. ओळ आत सरकवून लिहिली आहे, त्यामुळे ती अटीखाली आहे असे वाटते पण ती तशी नाही, हे तो सांगतो. आणि तो त्यांनी ‘सर्व’मध्ये घेतला. ही सुधारणा बरोबर झाली असे माझे मत आहे.

आता दुसरे वाक्य. कळ लावली की कचरा येतो. हे वाक्य जास्त अवघड आहे, कारण ते खोटे नाही. तीनशे इशाऱ्यांत एक खरा होता, आणखी दहा-बारा विचार करण्यासारखे असतील, बाकीचे निरुपद्रवी. असे असले म्हणजे माणूस वाचणे सोडतो. कारखान्यात बिघडलेल्या सुईमुळे बझर दिवसभर वाजत राहिला की दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यात चिंधी कोंबतो. ती चिंधी कोंबणाऱ्याला मेमो देणे सोपे असते. सुई बदलावी असा अर्ज त्याने किती दिवसांपूर्वी दिला होता ते कोणी पाहात नाही. म्हणून इशारे चालू करणे हे अर्धेच काम झाले. यादी शून्यावर आणावी लागते आणि शून्यावर ठेवावी लागते. शून्य असेल तर नवा एक इशारा डोळ्यांत भरतो. तीनशे असतील तर तीनशे एकावा कोणाच्या बापाला दिसत नाही.

शून्यावर ठेवण्यासाठी आणखी एक कळ आहे. ती लावली की इशारा हा इशारा राहात नाही, चूक ठरतो. काम तिथेच थांबते आणि ते निस्तरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुष्कळांना ही सक्ती जाचक वाटते. मला ती ओळखीची वाटते. भोपाळला १९८४ साली वायू सुटला. त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी ॲक्टात जी दुरुस्ती झाली तिच्यात कलम ४१-एच घालण्यात आले. कामगाराला धोका जवळ आला आहे असे रास्तपणे वाटले तर त्याने ते व्यवस्थापकाला सांगावे आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही कळवावे. व्यवस्थापकाला पटले तर त्याने ताबडतोब उपाय करावा. पटले नाही तर ‘मला पटत नाही’ म्हणून कागद फायलीत ठेवता येणार नाही. त्याने ते प्रकरण इन्स्पेक्टरकडे धाडलेच पाहिजे. म्हणजे इशाऱ्यावर मौन राखण्याची वाट कायद्याने बंद केली. कागदावर तरी केली. ते कलम किती ठिकाणी वापरले गेले हा निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे. डोंबिवलीचे मे २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट आपण सर्वांनी इथून जवळून पाहिले आहेत, तेव्हा त्यावर मी अधिक बोलत नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की कंपायलर हा खात्यातला असा एक कामगार आहे की, ज्याला बढती नको, रजा नको, जो मेमोला भीत नाही, आणि ज्याला धोका दिसतो. अशा कामगाराचे तोंड मूळच्या स्थितीत बांधून ठेवणे हे व्यवहारालाही धरून नाही.

तरीही सक्ती कुठे करावी याला मर्यादा आहे. लिनक्स नावाची प्रणाली आहे. आपल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तीच असते. तिचे प्रमुख लिनस टॉरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये ठरविले की, यापुढे कोणीही, कुठेही लिनक्स बांधताना एक जरी इशारा निघाला तरी बांधणी थांबेल. जगभर ओरड झाली. काही दिवसांत त्यांना ती सक्ती सैल करावी लागली; जे तपासणीसाठी म्हणून बांधणी करतात त्यांच्यापुरती ती मूळची राहिली, इतरांना ऐच्छिक झाली. ओरड करणारे सगळेच आळशी नव्हते. कंपायलरची नवी आवृत्ती येते आणि नवे इशारे घेऊन येते. काल शुद्ध असलेला प्रोग्राम, त्यातले एक अक्षरही न बदलता, आज अडतो. ज्याने तो लिहिला त्याला तो अडणे योग्यच आहे. तो दुरुस्त करील. पण दूर कुठेतरी एखादा माणूस तो फक्त बांधून वापरू पाहतो. त्याला ना ती भाषा येते, ना त्याचा त्या ओळीशी संबंध. त्याचे काम थांबविण्यात काय अर्थ? माल कारखान्यात गेजने तपासावा आणि न बसणारा नग तिथेच परत फिरवावा. गिऱ्हाइकाच्या घरी गेज पाठवून त्याला तपासणीस करू नये. म्हणून माझे मत असे झाले आहे की, लिहिणाऱ्यांच्या घरी सक्ती असावी, वापरणाऱ्यांच्या घरी फक्त इशारा असावा.

आणि दिरंगाईलाही सीमा असते. आधी न सांगितलेल्या एखाद्या उपकामाला प्रोग्रामाने परस्पर हाक मारणे, ही ढिलाई सी भाषेच्या १९९९ च्या नियमांतून काढून टाकलेली होती. पण जुने प्रोग्राम मोडतील म्हणून जीसीसी त्यावर नुसता इशारा देत राहिला. तो इशारा चूक ठरला जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीत, मे २०२४ मध्ये. मध्ये पंचवीस वर्षे गेली. वेज बोर्डाला उगीच नावे ठेवू नयेत.

तेव्हा जुन्या प्रोग्रामाचे काय करावयाचे? ज्या दिवशी कळ लावली त्या दिवशी शेकडो, हजारो इशारे पडणार. इथे मी संघटनेचा माणूस म्हणून बोलतो. ऐरोलीला जाणाऱ्या मुलांना मी विचारले की तुम्ही ते साफ का करीत नाही? त्यांनी मला त्यांची टाइमशीट दाखविली. दिवसाच्या प्रत्येक तासापुढे एक सांकेतिक क्रमांक भरावा लागतो. नवे काम, दुरुस्ती, बैठक, प्रत्येकाला क्रमांक आहे. इशारे साफ करण्याला क्रमांक नाही. ज्या तासाला क्रमांक नाही तो तास काम केलेलाच नसतो. मग ते रात्री घरी बसून करावयाचे, नाहीतर चिंधी कोंबावयाची. प्रोग्रामातही चिंधी असते. एक ओळ लिहिली की तेवढ्या जागेचा इशारा गप्प होतो. वरून आदेश आला, ‘सोमवारपासून सर्व इशारे कडक’, आणि तासांची तरतूद केली नाही, तर मंगळवारी प्रोग्राम शुद्ध झालेला नसतो, चिंध्यांनी भरलेला असतो. तो आधीपेक्षाही वाईट, कारण आता इशारा कायमचा दडपला गेला.

न समजता गप्प करण्याचे फळ काय मिळते त्याचे उदाहरण डेबियन या मंडळींकडे घडले. हे लोक लिनक्स वाटतात. २००६ साली गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या एका प्रोग्रामाबद्दल तपासणीचे एक यंत्र तक्रार करीत होते की, इथे किंमत न भरलेली जागा वाचली जात आहे. हे यंत्र म्हणजे कंपायलर नव्हे, त्याच्याच जातीचे दुसरे. तक्रार मिटावी म्हणून त्या ओळी काढून टाकण्यात आल्या. त्या ओळींपैकी एकीवरच किल्ल्यांचा बेभरवसा, म्हणजे त्यांची सुरक्षितता, अवलंबून होती. यंत्र गप्प झाले. मे २००८ मध्ये उघडकीस आले की, त्या दीड-दोन वर्षांत तयार झालेल्या एकेका प्रकारच्या किल्ल्या फार तर बत्तीस हजार आणि काही, एवढ्यांतल्याच होत्या. चोराने एका बैठकीत सगळ्या लावून पाहाव्यात. इशारा देणारा बरोबर होता की चूक, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. ऐकणाऱ्याला विचार करण्याएवढा वेळ आणि माहिती होती का, हा खरा प्रश्न.

चांगल्या रीतीने झालेले कामही आहे. लिनक्समध्येच एक जुनी खोड होती. प्रोग्रामात अनेक पर्याय ओळीने लिहिलेले असतात, आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘इथे थांब’ असे लिहावे लागते. ते लिहिले नाही तर गाडी पुढच्या पर्यायात घुसते. काही ठिकाणी ती मुद्दामच पुढे न्यावयाची असते, जशी जलद गाडी मधली स्टेशने सोडून जाते. काही ठिकाणी थांबा लिहावयाचा राहिलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. काही लोकांनी कित्येक महिने खर्चून असे एकेक ठिकाण वाचले, मुद्दाम पुढे जाणाऱ्यांवर तशी नोंद घातली, विसरलेल्यांना थांबा दिला, आणि ठिकाणे संपल्यावर २०१९ साली तो इशारा सर्वांसाठी मूळचाच चालू केला. आधी यादी, मग तास, मग सक्ती. हा क्रम मला पटतो. आणि वाचताना खऱ्या चुकाही सापडल्या, हे सांगावयास हवे.

आमच्या त्या प्रकरणात शेवटी जो समझोता झाला त्यात थकबाकी आली, हे ओघाने आले. कापलेली मिनिटे डायऱ्या आणि गेटवरच्या नोंदी पाहून भरून देण्यात आली. पण मी त्यात आणखी तीन कलमे घालण्याचा आग्रह धरला, आणि व्यवस्थापनाच्या वकिलांनी आयुष्यात प्रथमच अशी कलमे लिहिली असावीत. हजेरी आणि पगार यांच्या प्रोग्रामात जो नवा बदल होईल तो सर्व इशारे चालू ठेवून, एकही इशारा न उरता झाला पाहिजे. जुन्या तीनशेंची यादी भिंतीवर लागेल, दर महिन्याला ठराविक तास तिच्यासाठी राखून ठेवले जातील आणि त्यांचे पैसे दुकानाला मिळतील. जो इशारा गप्प करावयाचा त्याच्याशेजारी कारण आणि करणाऱ्याचे नाव लिहिले जाईल. दुकानाचे गृहस्थ पहिल्या कलमावर कुरकुरले, दुसऱ्यावर खूश झाले. ते म्हणाले, इतकी वर्षे हे काम केले, साफसफाईचे पैसे कोणी कधी दिले नव्हते.

यादी खाली येत गेली. दोनशे झाली, ऐंशी झाली, गेल्या दिवाळीला एकोणीसवर आली. त्या एकोणिसांत काही असे आहेत की, ते ज्या भागात आहेत तो कोणी लिहिला हे आता कोणाला ठाऊक नाही, आणि हात लावावयास दुकानाचे गृहस्थ धजत नाहीत. मुलगी बदलापूरहून पुण्याला नोकरीला गेली. फोनवर तिला विचारले तर म्हणाली, “काका, ते एकोणीस राहू द्या दिसत. बंद मात्र करू देऊ नका.” सध्या ते तसेच भिंतीवर आहेत, आणि या महिन्याचे राखीव तास कोणत्या ओळीवर घालावयाचे यावर परवाच्या बैठकीत एक तास वाद झाला.